जीव न तोडता

क्रियाविशेषणं खोडणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. मी मुद्रितशोधक. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, ‘आणि’चा ‘णि’ पहिला आहे ना ते बघायचं, एवढंच खरं तर काम. पण दिवाळी अंकांचा हंगाम आला की संपादकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. ‘बाई, जरा भाषेवरूनही हात फिरवा,’ असं ते म्हणतात, आणि एकदा मुभा मिळाली की माझी लाल शाई आधी क्रियाविशेषणांवर तुटून पडते. ‘त्यांनी अथकपणे परिश्रम घेतले.’ परिश्रम घेतले ना? मग ‘अथकपणे’ कशाला? थकून घेतले असते तर परत केले असते का? ‘त्या आवर्जून उपस्थित होत्या.’ कार्यक्रमाला आल्या होत्या आणि बसल्या होत्या, इतकंच खरं. आवर्जून आल्या की नातीला शेजारच्या हॉलमध्ये भरतनाट्यमला सोडून वेळ काढायला आल्या, ते लेखकाला कसं कळणार? माझं सरळ मत आहे की ज्या क्रियापदाला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही, त्याच्या हातात दिलेली काठी म्हणजे क्रियाविशेषण.

अशा बाईच्या मानगुटीवर कोरियन शिकताना जो पहिला शब्द बसला तो क्रियाविशेषणच निघाला, याला काव्यगत न्याय म्हणतात. (‘काव्यगत’ खोडलं तरी चालेल.)

कोरियनच्या वाटेला मी कशी गेले, हे सांगण्यात हशील नाही. 2020 साली सगळं घर कडीकुलपात असताना महाराष्ट्रातल्या असंख्य बायका ज्या वाटेनं गेल्या, त्याच वाटेनं मीही गेले. पॅराग्लायडिंग करता करता वादळात सापडून थेट उत्तर कोरियात जाऊन पडलेल्या त्या श्रीमंत मुलीची मालिका मी पाहिली, तिचं पुढं काय होणार या काळजीत पोळ्या करपवल्या, आणि मग एकामागून एक मालिका. हळूहळू कानाला सवय झाली. आणि कान सवयीचा झाला तसा एक शब्द सारखा येऊन आपटू लागला. ऑफिसात नवी लागलेली मुलगी कमरेत काटकोनात वाकून तो म्हणते. बाजारात मासे विकणारी आजी नातवाच्या पाठीत धपाटा घालून तो म्हणते. सैन्यात निघालेला नायक होणाऱ्या सासऱ्यासमोर गुडघ्यावर बसून तो म्हणतो. खालच्या इंग्रजी ओळी दर वेळी वेगळ्या. कानावर मात्र तेच: यॉल्शिमी, यॉल्शिमी.

आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, “ही सिम्मी कोण? प्रत्येक सिरियलीत असते.”

पुण्यात कोरियन शिकणं आता अवघड राहिलेलं नाही. रांजणगावला एलजीचा कारखाना आला त्याला बरीच वर्षं झाली, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईनं घेतला, आणि या दोन्हींच्या आसपास सुटे भाग पुरवणाऱ्यांची गावंच्या गावं वसली. त्यामुळे कोरियन कुटुंबं आली, त्यांची किराणा दुकानं आली आणि घरबसल्या शिकवणी घेणाऱ्या त्यांच्या बायकाही आल्या. आमच्या बाई त्यांतल्याच. त्यांना बाई म्हणायचं नाही, सॉनसेंगनिम म्हणायचं. ‘सॉनसेंग’ म्हणजे शिक्षक आणि ‘निम’ म्हणजे आपलं ‘जी’ किंवा ‘राव’. वर्गात मी, एक इंजिनिअरिंगची मुलगी, जिच्या फोनच्या पारदर्शक कव्हरामागे एका कोरियन गवयाचा फोटो असतो, आणि चाकणच्या एका कारखान्यात पर्चेस बघणारे एक गृहस्थ. मुलगी प्रेमापोटी आलेली, गृहस्थ पोटापोटी, आणि मी का आले हे मला कुणी विचारलं नाही, कारण काकूंना असं विचारायचं नसतं.

लिपीचा बाऊ करण्याचं कारण नाही. राजा सेजोंगनं 1443 मध्ये ती तयार केली आणि 1446 मध्ये जाहीर केली. तिच्यासोबतच्या पुस्तकात त्याच्या दरबारातल्या पंडितानं लिहून ठेवलंय की शहाण्याला ती दुपारच्या आत येईल आणि मठ्ठालाही दहा दिवस पुरतील. पंडित खरं बोलला. मात्र क्रियाविशेषणांच्या बाबतीत त्यानं कसलंही आश्वासन दिलेलं नाही, हे मी इथं नमूद करते.

व्याकरण तर माहेरचं वाटावं. कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी. नामाला शेपट्या लागतात, त्यांना आपण विभक्तीचे प्रत्यय म्हणतो. मोठ्या माणसांसाठी क्रियापद वेगळं: पोरंटोरं ‘मॉक्ता’, म्हणजे खातात, वडीलधारी ‘तुशिदा’, म्हणजे घेतात. ‘आपण घेतलंत का?’ असं सासऱ्यांना विचारण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना यात काय कठीण? इंग्रजी शिकताना वाक्य उलटं घालावं लागायचं, गंजिफ्रॉक उलटा घातल्यासारखं काखेत बोचायचं. इथं मराठी वाक्य घ्यावं आणि एकेक शब्द बदलत जावं.

बदलत बदलत यॉल्शिमीपाशी आले आणि थांबले.

पहिली अडचण उच्चाराची. लिहायचं ‘यॉल-सिम-ही’ आणि म्हणायचं मात्र वेगळंच. ‘इ’ आली की ‘स’चा ‘श’ होतो, हे आपल्याकडे गावाकडची माणसं ‘शिता’ आणि ‘शिनेमा’ म्हणून रोज सिद्ध करतात. शिवाय चिनी मुळाच्या शब्दात ‘ल’च्या मागोमाग ‘स’ आला तर तो घट्ट दाबून म्हणायचा, म्हणून ‘श्शि’. आणि दोन घोष ध्वनींमध्ये सापडलेला ‘ह’ बोलण्याच्या ओघात गिळायचा. थोडक्यात, यॉल्श्शिमी. मेहनत दाखवणाऱ्या शब्दाचा उच्चार करायलाच एवढी मेहनत लागते यात मला योजना दिसते. सॉनसेंगनिमनी तो माझ्याकडून इतक्यांदा म्हणवून घेतला की शेवटी खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी लिफ्टमध्ये विचारलं, “सिम्मी आली का हो परत?”

दुसरी अडचण अर्थाची. ‘यॉल’ म्हणजे उष्णता, ‘सिम’ म्हणजे हृदय, ‘ही’ हा क्रियाविशेषण करणारा प्रत्यय. पहिले दोन चिनीतून आले, जपानीतही तेच दोन थोड्या वेगळ्या उच्चारानं नांदतात. सॉनसेंगनिमनी छातीवर हात ठेवून मोडक्या इंग्रजीत समजावलं: इथं गरम होतं, तसं काम करायचं.

मी घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, “छातीत गरम होतं म्हणजे ॲसिडिटी. त्यात काम कसलं करायचं, गोळी घ्यायची.”

मराठीत याला काय म्हणतात, असं सॉनसेंगनिमनी एकदा वर्गात विचारलं आणि मोठा प्रसंग ओढवला. मी ‘मन लावून’ म्हणणार, तेवढ्यात पर्चेसवाले म्हणाले, “जीव तोडून!” त्यांना मराठीचा अभिमान फार. तेवढ्यावर न थांबता त्यांनी फोनमधला शब्दकोश काढला. ‘जीव’ला मिळाला ‘मोक्सुम’, ‘तोडणे’ला मिळाला ‘क्कुन्ता’. दोन्ही जोडून, आपल्या वाक्यात बसवून त्यांनी मोठ्यांदा वाचलं की मी रोज कारखान्यात अमुक अमुक करतो. सॉनसेंगनिमचा चेहरा पांढरा पडला. कारण कोरियनमध्ये मोक्सुम तोडणं याचा एकच अर्थ आहे, आणि तो आत्महत्या करणं असा आहे. बिचाऱ्यांनी शिकवणं थांबवलं, खुर्ची त्यांच्याजवळ ओढली, पाणी दिलं आणि कामाचा ताण फार आहे का, घरी कुणाशी बोलता का, असं हळूहळू विचारायला लागल्या. पर्चेसवाल्यांना वाटलं, आपल्या मराठीचं कौतुक चाललंय. ते “हो, हो” म्हणत राहिले.

पुढे उलगडा झाला. कोरियनमध्येही ‘मरेस्तोवर’ काम करतात, त्याला ‘चुक्तोरोक’ म्हणतात. जीव पणाला लावूनही करतात. फक्त तोडायचा नाही, एवढंच पथ्य.

पण त्या रात्री मी आपल्या भाषेतल्या कष्टांची यादी काढायला बसले आणि थक्क झाले. जीव तोडून. ऊर फुटेस्तोवर. रक्ताचं पाणी करून. हाडांची काडं करून. छातीचा कोट करून. दातओठ खाऊन. कंबर कसून. घाम गाळून. डोळ्यांत तेल घालून. पोटाला चिमटा काढून. शिर तळहातावर घेऊन. एवढं करूनही नाकी नऊ येतात ते वेगळेच. शरीरशास्त्राच्या तक्त्यातला एक अवयव आपण धड ठेवलेला नाही. हृदय नुसतं गरम करून काम भागतं ही कल्पनाच आपल्या पूर्वजांना सुचली नाही. काहीतरी फुटलं, तुटलं, आटलं किंवा गळलं पाहिजे. त्याशिवाय कष्टांची पावती मिळत नाही. ‘मन लावून’ हा त्यातल्या त्यात बिनअपघाताचा. पण तो अभ्यासाला चालतो, जेवायला चालतो, विहीर खणायला चालत नाही. ‘त्यानं मन लावून विहीर खणली’ असं छापून आलं तर वाचक म्हणेल, छंद दिसतोय.

यॉल्शिमी मात्र विहिरीलाही चालतं आणि जेवायलाही. कोरियन माणूस यॉल्शिमी अभ्यास करतो, यॉल्शिमी नोकरी करतो, यॉल्शिमी खातो, यॉल्शिमी खेळतो. गृहपाठात मी लिहिलं की मी रविवारी दुपारी यॉल्शिमी झोपते. वाटलं, लाल रेघ येणार. सॉनसेंगनिम हसल्या आणि बरोबरची खूण केली. बरोबरची खूण त्यांच्याकडे गोल असते, शून्यासारखी. मी आयुष्यभर शून्याला घाबरत आले, त्यामुळे आनंद व्हायला जरा वेळ लागला. सगळ्यात जास्त मात्र कोरियन माणूस यॉल्शिमी ‘जगतो’. म्हाताऱ्या बाईला कुणी विचारलं, कसं गेलं आयुष्य, तर ती म्हणते, यॉल्शिमी जगले. सुखानं नाही, दुःखानं नाही. आपल्याकडे ती म्हणाली असती, “काढले दिवस.”

आता एका वाक्याकडे वळलं पाहिजे. पुस्तकातल्या यॉल्शिमीच्या धड्यात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच, आणि नेमकं तेच मराठी घरात उच्चारण्याची सोय नाही. नव्या नोकरीवर, नव्या गुरूपुढे, मुलाखतीच्या शेवटी कोरियन माणूस वाकून एक वचन देतो: ‘मी मेहनतीनं करीन.’ यॉल्शिमी म्हणजे मेहनतीनं, हे झालं. ‘करीन’चं आदरार्थी रूप आहे ‘हागेस्सुम्निदा’. पहिली दोन अक्षरं पुन्हा वाचू नका. मी ती, आधी ‘मेहनतीनं’ हा अर्थ म्हणून, स्वयंपाकघरात, भाजी चिरता चिरता, चांगल्या खड्या आवाजात घोकत होते आणि बाहेर ह्यांचे आतेभाऊ येऊन बसले होते, हे मला कुणी सांगितलं नाही. आतेभाऊ साताऱ्याचे, मोकळ्या मनाचे. ते म्हणाले, “वहिनी, मेहनतीनं कशाला? इसबगोल घ्या.”

विनोद बाजूला ठेवला तर या वाक्याची मला असूया वाटते. आपल्याकडे कामाचं वचन द्यायला शब्द कुठला आहे? ‘प्रयत्न करतो.’ मराठी माणूस ‘प्रयत्न करतो’ म्हणाला की समोरच्यानं दुसरा माणूस शोधायचा असतो. प्लंबर म्हणतो, “उद्या सकाळी प्रयत्न करतो, ताई,” तेव्हा आपण निमूटपणे बादल्या भरून ठेवतो. लग्नाला या म्हटल्यावर ‘नक्की प्रयत्न करू’ म्हणणाऱ्यांची ताटं केटररला सांगायची नसतात, हे लहान मुलालाही कळतं. मी स्वतः संपादकांना ‘प्रयत्न करते’ म्हणते, आणि ते मनातल्या मनात आठवडा पुढे ढकलतात. प्रयत्न या शब्दाची आपण वापरून वापरून अशी दशा केली आहे की तो आता नकाराचं सभ्य रूप झालाय. त्यापेक्षा तो वाकून दिलेला शब्द बरा. काम होईल की नाही हे त्यातही सांगितलेलं नसतंच. छाती मात्र गरम होईल, एवढी हमी.

पर्चेसवाल्यांना हे पटत नाही. त्यांना साहेब कोरियन. ते म्हणतात, “मॅडम, तुमच्या मालिकेत यॉल्शिमी म्हटलं की साहेब हसतात. आमच्याकडे साहेब म्हणतात, यॉल्शिमी नको, ‘चाल’ करा.” हे ‘चाल’ म्हणजे छोटंसं क्रियाविशेषण, अर्थ ‘नीट’, ‘चांगलं’. मेहनत करू नका, काम चांगलं करा. ही कोरियन ऑफिसांतली ठरलेली टोचणी आहे म्हणे. सॉनसेंगनिमनीही मान डोलावली. म्हणजे त्या देशात दोन क्रियाविशेषणांचं भांडण लागलेलं आहे, एक घाम दाखवतं, दुसरं निकाल मागतं, आणि मधे सापडलेला माणूस रात्री दहापर्यंत ऑफिसात बसतो. 2018 साली सरकारला कायदा करून आठवड्याच्या कामाची कमाल मर्यादा 68 तासांवरून 52 वर आणावी लागली. हे आकडे मी ह्यांना वाचून दाखवले. ह्यांची सारी नोकरी सरकारी. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “महिन्याचे ना?”

या यॉल्शिमीचं मूळ बघायचं तर नोव्हेंबरातला एक गुरुवार बघावा. त्या दिवशी तिथली विद्यापीठाच्या प्रवेशाची परीक्षा असते, तिला ‘सुनुंग’ म्हणतात. आपल्या बारावीच्या परीक्षेला पोराला दहीसाखर देऊन, जवळ पाण्याची बाटली आहे ना बघून आपण सोडतो. तिथं देश थांबतो. ऑफिसं आणि शेअर बाजार तासभर उशिरा उघडतात, म्हणजे रस्ते परीक्षार्थींना मोकळे. उशीर झालेल्या पोरांना पोलीस आपल्या गाडीतून पोचवतात. इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असताना विमानांची उड्डाणं आणि उतरणं साधारण 35 मिनिटं बंद ठेवतात. आकाशात आधीच असलेली विमानं वरच घिरट्या घालतात. शाळांच्या दारावर आणि मंदिरांतून आया वाकून वाकून नमस्कार घालत असतात. पोरांची आधीच्या पिढीपासून चालत आलेली एक म्हण आहे, चारच अक्षरांची: ‘सा-दांग-ओ-राक’. चार तास झोपलास तर पास, पाच तास झोपलास तर नापास. रविवारी दुपारी यॉल्शिमी झोपणाऱ्या बाईनं हे वाचलं आणि ताबडतोब पडदे ओढून घेतले.

पण मला आवडलं ते त्यांचं परीक्षेचं खाणं. परीक्षेला बसणाऱ्याला ‘यॉत’ नावाची चिक्कट मिठाई आणि चिकट तांदळाचा लाडूसारखा ‘तॉक’ देतात. कारण त्यांच्या भाषेत चिकटणं आणि पास होणं यांना एकच क्रियापद आहे. आणि त्या दिवशी समुद्रशेवाळाचं सूप पोराच्या आसपास फिरकू देत नाहीत, कारण ते बुळबुळीत. ते प्यायला म्हणजे घसरला, घसरला म्हणजे नापास. सॉनसेंगनिमना वाटलं, हे भारतीयांना समजावून सांगावं लागेल. पर्चेसवाले म्हणाले, “समजलं की! आमचा मेहुणा नाही का बँकेत चिकटला!” मग चिकटणे, लागणे, नंबर लागणे, वर्णी लागणे, डाळ शिजणे (ही चिकटत नाही, पण भरात आली) असा पुढचा अर्धा तास मराठीनं कोरियनला शिकवला. फीचे पैसे उलटे मागायला हवे होते.

इतकं सगळं यॉल्शिमी करून कंटाळा येणारच, आणि तो आलाच. नव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या एका क्रेडिट कार्डाच्या जाहिरातीनं लोकांना सांगितलं की तुम्ही यॉल्शिमी काम केलंयत, आता निघा कुठंतरी. ती ओळ घराघरात म्हटली गेली. पण त्यातही सुट्टी मिळवायला आधी यॉल्शिमी हवंच. पुढची पिढी जास्त चावट निघाली. ‘नोर्यॉक’ म्हणजे प्रयत्न. घरच्या मोठ्यांनी ऊठसूट ‘नोर्यॉक कर’ म्हणून डोकं उठवल्यावर पोरांनी 2015 च्या सुमाराला त्यातला ‘ओ’ लांबवून ‘नोओओर्यॉक’ म्हणायला सुरुवात केली. एक स्वर ताणला आणि सगळा उपदेश उघडा पडला. आपल्याकडे ‘हो का’मधला ‘का’ लांबवून जे काम होतं, तेच. मुद्रितशोधक म्हणून माझा दीर्घ स्वरांशी जन्माचा संबंध, पण इतका कामसू दीर्घ मी पाहिला नव्हता.

आणि मग 2018 साली हा वान नावाच्या चित्रकारानं पुस्तक लिहिलं. चाळिशीला नोकरी सोडून काहीच न करण्याबद्दलचं पुस्तक. ते धडाधड खपलं, म्हणजे याबाबतीत त्याला अपयशच आलं. पुस्तकाचं नाव मराठीत आणायचं तर असं काहीसं होईल: थोडक्यात वाचलो, नाहीतर मेहनतीनं जगलोच असतो. गंमत या ‘थोडक्यात वाचलो’ची आहे. कोरियनमध्ये त्याला एक खास क्रियारूप आहे, ‘-ल प्पॉन हेत्ता’. जिन्यावरून पडता पडता वाचलो, बस चुकता चुकता राहिली, असल्या अपघातांसाठी ते वापरतात. त्या रूपात यॉल्शिमी जगणं बसवायचं म्हणजे कष्टाळूपणाला खड्ड्याच्या पंक्तीला नेऊन बसवायचं. सॉनसेंगनिमनी हे रूप शिकवताना हेच उदाहरण दिलं आणि वर आपण ते पुस्तक वाचलेलं नाही, वेळ मिळाला नाही, असंही सांगितलं.

त्यांनीच ओघात यॉल्शिमीचा विरुद्धार्थी शब्द सांगितला: ‘देचुंग’. वरवर, ढोबळमानानं, उरकायचं म्हणून. मला शब्द ऐकताक्षणी ओळखीचा वाटला. ताकासारखा हलका, म्हणायला सोपा, एकही अक्षर घट्ट दाबायला नको, ‘ह’ गिळायला नको. मी विचारलं, “सॉनसेंगनिम, कोरियन देचुंग शिकता येईल का?” त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेनं आजवर मला फक्त गणिताच्या बाईंनी पाहिलं होतं.

त्यामुळे माझा एक सिद्धान्त तयार झाला. कोरियन माणूस आपले कष्ट उघड्यावर मांडतो. आपण ते पदराआड लपवतो. आपल्याकडे चार तास पुरण वाटून, पोळ्या लाटून, हाताला चटके घेऊन बाई पाहुण्यांना म्हणते, “काही नाही हो, घाईघाईत केलंय.” गवयानं पहाटे उठून केलेला रियाज सांगायचा नसतो, ‘सहज गुणगुणलो’ म्हणायचं असतं. वर्गातला पहिला नंबर ‘मी काहीच वाचलं नव्हतं’ म्हणत पेढे वाटतो. आपलं सगळं कसं सहज होतं, आणि मग एकटे असताना आपण हाडांची काडं मोजत बसतो. हा सिद्धान्त मला इतका आवडला की त्यावर एखाद्या दिवाळी अंकाला लेख द्यावा, असं मनात आलं.

तो सिद्धान्त फेब्रुवारीत, चांद्र नववर्षाला, जेवणाच्या टेबलावर निकालात निघाला. सॉनसेंगनिमनी वर्गाला जोडीनं जेवायला बोलावलं होतं. दार उघडलं तर टेबलाचं लाकूड दिसत नव्हतं. छोट्या छोट्या वाट्या, बशा. किमची दोन तऱ्हांची, पालकाची तिळाच्या तेलातली भाजी, मोड आलेली कडधान्यं, अंड्यात बुडवून तळलेले भोपळ्याचे आणि माशांचे काप, काचेसारख्या शेवया. दोन दिवस बाई उभ्या असणार, हे कुठल्याही बाईला दारातून कळलं असतं. आणि सॉनसेंगनिम कमरेत वाकून काय म्हणाल्या? “चारिन गॉन ऑप्चीमान मानी तुसेयो.” मांडलेलं काहीच नाही, पण भरपूर घ्या. मुलीनं माझ्या कानात सांगितलं, “काकू, हे सगळेच म्हणतात. पुस्तकात पुढच्या धड्यात आहे.”

मी विचारलं, किती वेळ लागला?

“देचुंग,” त्या हात झटकत म्हणाल्या. “देचुंग केलंय.”

मग वाडग्यांतून तॉक्कुक आलं. पांढऱ्याशुभ्र रश्शात तांदळाच्या तॉकच्या तिरप्या चकत्या, वर अंड्याच्या पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि किसलेलं शेवाळ. नववर्षाच्या सकाळी हे खायचंच असतं. ते खाल्लं की माणूस एक वर्षानं मोठा होतो, अशी समजूत आहे. पोरांना वय विचारायचं तर किती वाडगे झाले असं गमतीनं विचारतात. पूर्वी तिथं नववर्षाला सगळ्या देशाचं वय एकदम वाढायचं, 2023 पासून सरकारी कागदांवर आपल्यासारखीच वाढदिवसाची मोजणी ठेवली आहे. हे सगळं मी ह्यांना भाषांतर करून सांगत होते. हे एरवी तिखटाशिवायच्या रश्शाकडे बघत नाहीत. चमच्यानं दोन चकत्या बाजूला सारून सभ्यपणे जेवल्यासारखं करत होते.

“म्हणजे एक वाडगा, एक वर्ष?” ह्यांनी विचारलं.

“हो. समजूत आहे आपली.”

“आणि दोन खाल्ले तर दोन?”

“अहो, समजूत आहे.”

ह्यांना परवाच्या ऑक्टोबरात अठ्ठावन्नावं पुरं झालं. साठीला मुदत ठेवीवर अर्धा टक्का जास्त मिळतो. बँक कोरियन वाडगे धरत नाही, हे मी हळूच सांगून पाहिलं. पण तोवर पहिला वाडगा रिकामा झाला होता, आणि ह्यांनी तो दोन्ही हातांनी पुढे करून, माझ्याकडून स्वयंपाकघरात इतकी वर्षं ऐकलेला तो एकुलता एक शब्द, ‘श’ व्यवस्थित दाबून, ‘ह’ अचूक गिळून, सॉनसेंगनिमना ऐकवला होता.